उरलेल्या पानांचा हिशेब

माझे वडील आकुर्डीतील एका कारखान्यात नोकरीला होते. कंपनीच्या बसमध्ये त्यांच्या चौघांचा पत्त्यांचा डाव जाता-येता चालत असे आणि त्या डावाचे गुण दरवर्षी मिळणाऱ्या छोट्या खिशातल्या डायरीत लिहिले जात. चार आद्याक्षरे, त्याखाली चार रकाने, आणि रकान्यांत ०, ३, ११, २५ असे आकडे. लहानपणी ही डायरी प्रथम हाती आली तेव्हा ज्याच्या खाली पंचवीस आहेत तो जिंकला, अशी माझी समजूत झाली. वडिलांनी ती दुरुस्त केली. ‘जिंकला तो शून्यवाला. बाकीचे आकडे म्हणजे ज्याच्या हातात जे उरले ते.’

खेळ होता बदामसात. मराठी घरांत तो मुलांचा खेळ म्हणून ओळखला जातो. रमी, ब्रिज किंवा तीनशे चार यांना जी प्रतिष्ठा आहे ती त्याला नाही. बुद्धिबळासारखे ग्रंथ त्याच्यावर लिहिले गेले नाहीत. परंतु जिंकणाऱ्याचे काही न लिहिता हरणाऱ्यांच्या हाती काय उरले एवढेच लिहून ठेवण्याची ही रीत मला पुढे अनेक वर्षे आठवत राहिली. तिचे मूळ शोधू लागल्यावर ध्यानात आले, की आपल्याकडे कधीच न रुजलेला डॉमिनो नावाचा एक खेळ या बदामसातचा जवळचा नातेवाईक आहे, आणि दोघांच्या मुळाशी ‘उरलेले मोजणे’ ही एकच कल्पना आहे. प्रस्तुत लेखात या कल्पनेचा मागोवा घ्यायचा आहे.

प्रथम डॉमिनोविषयी. मराठी वाचकाला हा शब्द एकतर एकामागून एक कोसळणाऱ्या ठोकळ्यांमुळे परिचित असतो, नाहीतर पिझ्झाच्या दुकानामुळे. प्रत्यक्ष खेळ फार थोड्यांनी खेळलेला असतो. त्याच्या नेहमीच्या संचात २८ आयताकृती ठोकळे असतात. प्रत्येक ठोकळ्याचे मध्ये रेघ मारून दोन भाग केलेले असतात आणि प्रत्येक भागावर शून्यापासून सहापर्यंत ठिपके असतात. शून्य-शून्य, शून्य-एक, शून्य-दोन अशा क्रमाने सहा-सहापर्यंत जेवढ्या जोड्या होऊ शकतात तेवढ्या सर्व, प्रत्येकी एकदाच. त्यांतील सात ठोकळे दुहेरी, म्हणजे दोन्ही भागांवर सारखेच ठिपके असलेले.

दोघे खेळत असतील तर ठोकळे पालथे घालून, पिसून, प्रत्येकाने सात उचलायचे. सर्वांत मोठा दुहेरी ठोकळा ज्याच्याकडे असेल त्याने तो मांडून सुरुवात करायची. पुढच्या प्रत्येकाने मांडलेल्या साखळीच्या दोनपैकी एका टोकाशी आपला ठोकळा जुळवायचा. टोकाला चार असेल तर चार ठिपक्यांचा भाग त्याला भिडवायचा. म्हणजे त्या ठोकळ्याचा दुसरा भाग नवे टोक होतो. जुळणारा ठोकळा नसेल तर, ज्या प्रकारचा खेळ ठरला असेल त्यानुसार, उरलेल्या ढिगातून ठोकळा उचलायचा किंवा ‘पास’ म्हणायचे. ज्याचे ठोकळे प्रथम संपतील तो जिंकला. मग प्रतिस्पर्ध्याच्या हाती उरलेल्या ठोकळ्यांवरचे ठिपके मोजायचे आणि ती बेरीज जिंकणाऱ्याच्या खाती लिहायची. ठरलेल्या संख्येला, बहुधा शंभराला, जो आधी पोहोचेल त्याचा सामना.

या खेळात कोंडी होऊ शकते. प्रत्येक अंक सातच ठोकळ्यांवर असतो. साखळीच्या दोन्ही टोकांना पाच असतील आणि पाचाचे सातही ठोकळे मांडून झाले असतील, तर पुढे कोणालाच काही लावता येत नाही. डाव तेथेच मरतो. अशा वेळी सर्वांनी आपापले ठिपके मोजायचे आणि ज्याच्याकडे सर्वांत कमी तो विजयी. चांगला खेळाडू म्हणूनच मनात मोजदाद ठेवतो: कोणत्या अंकाचे किती ठोकळे बाहेर आले, कोण कोणत्या अंकावर पास म्हणाला. सहा-सहाचा ठोकळा बारा ठिपक्यांचा, शिवाय त्याला केवळ सहाच जुळतो. तो हाती राहणे महागात पडते, म्हणून त्याला लवकर वाट काढून द्यायची, हे नवशिक्यालाही शिकवले जाते. इंग्लंडमधील मद्यालयांत याचाच एक निराळा प्रकार रूढ आहे. तेथे दोन टोकांची बेरीज तीनाने किंवा पाचाने भागली जाते तेव्हा त्या भागाकाराइतके गुण मिळतात. पंधरा दोन्हींनी भागले जात असल्याने त्याचे पाच आणि तीन मिळून आठ गुण. पण मूळ खेळात चालू डावातल्या कोणत्याही खेळीला गुण नाहीत. हिशेब होतो तो शेवटी, आणि तो उरलेल्याचा.

हा खेळ आला कोठून? ठोकळ्यांचा उगम चीनमधला, याविषयी अभ्यासकांत फारसा मतभेद नाही. तेराव्या शतकातील चिनी लेखक चौ मी याने हांगचौ शहराच्या गतवैभवाचे जे वर्णन लिहिले आहे, त्यात फेरीवाल्यांकडे मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत हे ठोकळे येतात. चिनी संचात ३२ ठोकळे असतात आणि त्यांत कोरा भाग नसतो. याचे कारण फाशांत आहे. दोन फासे फेकले तर एकूण २१ निरनिराळी दाने पडू शकतात. चिनी ठोकळा म्हणजे दोन फाशांचे गोठवलेले दान. या २१ दानांपैकी ११ दानांचे ठोकळे दोन-दोन आणि १० दानांचे एक-एक, अशी ३२ ही संख्या जुळते. युरोपात पोहोचल्यावर दुबार ठोकळे गळाले, कोऱ्या भागाचे सात नवे ठोकळे आले आणि २१ अधिक ७ असा २८चा संच सिद्ध झाला. अठराव्या शतकात तो इटलीत दिसतो, तेथून फ्रान्समध्ये आणि त्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये. जोसेफ स्ट्रट याने १८०१ साली इंग्लंडच्या लोकखेळांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्याने डॉमिनोला फ्रान्समधून अलीकडेच आलेला एक पोरकट खेळ ठरवून निकालात काढले आहे. बदामसातविषयी आपल्याकडचे मत याहून निराळे नाही, हे येथे सहज आठवते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. चिनी भाषेत ठोकळा आणि पत्ता या दोहोंसाठी ‘पाइ’ हा एकच शब्द आहे. हाडाचे, लाकडाचे ठोकळे आणि त्यांच्यावरचेच ठिपके छापलेली कागदी पाने, दोन्ही तेथे प्रचारात होती. स्ट्युअर्ट क्युलिन या अमेरिकन अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात चिनी फासे व डॉमिनो यांवर जे लेखन केले, त्यातून फासा, ठोकळा व पान यांचे हे एकमेकांत मिसळलेले नाते स्पष्ट होते. तेव्हा ठोकळ्यांचा खेळ पानांत शिरला तर त्यात नवल नाही.

परंतु फाशाचे नाव निघाले की आपल्याला चीनपर्यंत जाण्याचे कारण उरत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त हे जुगाऱ्याचे सूक्त म्हणून प्रसिद्ध आहे. त्यातले ‘अक्ष’ म्हणजे आजचे सहा बाजूंचे फासे नव्हेत. ती बिभीतकाची, म्हणजे आपल्या बेहड्याची, फळे होत. त्या खेळाची रीत पुढच्या वैदिक वाङ्मयावरून अभ्यासकांनी मांडली आहे. बेहड्यांच्या राशीतून काही फळे घ्यायची आणि त्यांची संख्या चाराने भागायची. काहीच उरले नाही तर ते ‘कृत’, म्हणजे सर्वोत्तम दान. तीन उरले तर त्रेता, दोन उरले तर द्वापर, आणि एक उरले तर कली, सर्वांत वाईट. सूक्तातला जुगारी आपल्या नाशाचे खापर ज्या अक्षावर फोडतो त्याला त्याने ‘एकपर’ असे विशेषण लावले आहे. एक जास्त झालेला. चार युगांची नावे आपण ऐकतो तेव्हा ती या द्यूताच्या दानांची नावे आहेत, आणि दाने उरलेल्या संख्येवरून ठरत होती, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. कलियुग म्हणजे भागाकारात एक उरलेले युग.

महाभारताच्या वनपर्वातील नलाख्यानात हाच धागा आणखी पुढे जातो. द्यूतात राज्य गमावलेला नल ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत बेहड्याच्या झाडाखाली ऋतुपर्ण त्या झाडाच्या फांद्यांवरची पाने व फळे नुसत्या नजरेने मोजून दाखवतो. नलाला ते खरे वाटत नाही. तो फळे प्रत्यक्ष मोजतो आणि संख्या बरोबर निघते. मग ऋतुपर्णाकडून तो अक्षविद्या शिकतो, आणि ती येताच त्याच्या शरीरात दडलेला कली बाहेर पडून त्याच बेहड्यात शिरतो. म्हणजे द्यूताचे रहस्य येथे मोजण्यात आहे. ज्याला मोजता येते त्याच्या अंगात कली राहू शकत नाही. आख्यानकाराला हे दैवी विद्येचे माहात्म्य म्हणून सांगायचे असेल. पण उरलेल्या ठोकळ्यांची मनात मोजदाद ठेवणाऱ्या कोणत्याही खेळाडूला ऋतुपर्णाची ती नजर ओळखीची वाटेल.

पानांचा इतिहास आपल्याकडे बराच पुढचा आहे. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फजलने अकबराच्या दरबारातील गंजिफांचे सविस्तर वर्णन केले. महाराष्ट्रात त्या परंपरेचे ठळक स्थान म्हणजे सावंतवाडी. तेथील दशावतारी गंजिफा १२० गोल पानांची. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. त्यातल्या निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि निम्म्यांत एक्का मोठा, असा उलटा-सुलटा क्रम असतो. पानाची किंमत त्यावरच्या आकड्यात नसून ठरलेल्या रीतीत असते, हा धडा गंजिफा खेळणाऱ्याला पहिल्याच दिवशी मिळे. पुढे युरोपातून आलेल्या ५२ पानांच्या कॅटाने गंजिफांची जागा घेतली. बदाम, चौकट, इस्पिक, किलवर ही नावे आपण त्याला दिली. त्यांतील ‘किलवर’चे डच भाषेतील ‘क्लाव्हर’शी साम्य उघड आहे.

या ५२ पानांवर खेळलेला डॉमिनो म्हणजे बदामसात. हे केवळ माझे म्हणणे नव्हे. जर्मनीत या प्रकारच्या पत्त्यांच्या खेळाला सरळ ‘डॉमिनो’च म्हणतात. इंग्लंडात त्याची ‘सेव्हन्स’, ‘पार्लमेंट’ आणि ‘कार्ड डॉमिनोज’ अशी नावे आहेत. जपानात त्याला ‘सात मांडणे’ अशा अर्थाचे नाव आहे. रीत सर्वत्र साधारण एकच. सगळी पाने वाटून टाकायची. ज्याच्याकडे बदाम सत्ती असेल त्याने ती मांडून सुरुवात करायची. पुढच्याने तिच्या एका बाजूला बदाम अठ्ठी किंवा दुसऱ्या बाजूला बदाम छक्की लावायची, नाहीतर दुसऱ्या एखाद्या रंगाची सत्ती उघडायची. अठ्ठीनंतर नव्वी, असे वर राजापर्यंत. छक्कीनंतर पंजी, असे खाली एक्क्यापर्यंत. लावण्यासारखे पान असेल तर ते लावलेच पाहिजे. नसेल तर पास. ज्याची पाने प्रथम संपतील तो सुटला.

डॉमिनोच्या साखळीला दोन टोके असतात, बदामसातला आठ. डॉमिनोत कोणत्या टोकाला काय येईल हे खेळ सुरू असताना ठरते. बदामसातमध्ये प्रत्येक पानाची जागा आधीच ठरलेली असते, प्रश्न असतो तो केव्हाचा. आणि सर्वांत महत्त्वाचा फरक असा, की बदामसातचा डाव कधीही मरत नाही. सर्व ५२ पाने कोणाच्या ना कोणाच्या हातात आहेत. जे रंग उघडले आहेत त्यांचे पुढचे पान आणि जे उघडलेले नाहीत त्यांची सत्ती कोणाकडे तरी असणारच. याचा अर्थ, चौघांनी ओळीने पास म्हटले तर चौघांपैकी निदान एक जण खोटे बोलतो आहे. डॉमिनोत कोंडी हा दैवाचा किंवा कौशल्याचा भाग असू शकतो. बदामसातमध्ये पूर्ण कोंडी ही नेहमी लबाडी असते.

आता गुणांकडे वळू. एक्क्याचा एक, दुर्रीचे दोन, याप्रमाणे दश्शीचे दहा. गुलाम अकरा, राणी बारा, राजा तेरा. एका रंगाचे ९१ आणि चारही रंगांचे मिळून ३६४ गुण. डाव संपला की प्रत्येकाने आपल्या हाती उरलेली पाने उघडी करायची, त्यांची बेरीज करायची आणि ती स्वतःच्या नावावर मांडायची. जो सुटला त्याचे शून्य. असे डाव खेळत जाऊन एखाद्याची बेरीज शंभराच्या पुढे गेली की थांबायचे. त्या वेळी ज्याची बेरीज सर्वांत कमी तो जिंकला.

वडिलांच्या डायरीतले ०, ३, ११, २५ हे आकडे आता वाचता येतात. समजा पहिला सुटला तेव्हा दुसऱ्याच्या हाती चौकट एक्का आणि दुर्री उरली होती, त्याचे तीन. तिसऱ्याकडे इस्पिक गुलाम होता, अकरा. चौथ्याकडे इस्पिकचे राणी आणि राजा, पंचवीस. इस्पिक दश्शी कधीच मांडून झाली होती. तिसऱ्याला गुलाम केव्हाही लावता आला असता, पण प्रत्येक वेळी त्याच्याकडे लावण्यासारखे दुसरे एखादे पान होते, म्हणून नियम न मोडता त्याने गुलाम धरून ठेवला. चौथ्याचे पंचवीस त्याच्या त्या एका पानाखाली अडकले. स्वतः तिसऱ्याला मात्र त्या अडवणुकीचे अकरा मोजावे लागले. दुसऱ्याला अडवायचे तर अडवण्याचे पान आपल्याच हातात ठेवावे लागते, आणि डाव अकस्मात संपला तर त्याची किंमत आपल्याच नावावर पडते. खेळाची सारी रंगत या एका गोष्टीत आहे.

येथे डॉमिनो आणि बदामसात यांच्या हिशेबातला भेद पाहण्यासारखा आहे. दोन्हींत मोजले जाते ते उरलेलेच. पण डॉमिनोत हे ३९ ठिपके असते तर ते सर्व जिंकणाऱ्याच्या खाती जमा झाले असते, आणि हरलेले तिघेही सारखेच हरले असते. तीन उरलेला आणि पंचवीस उरलेला यांत फरक राहिला नसता. बदामसातमध्ये जमेची बाजूच नाही. सगळे ‘नावे’ पडते, आणि ज्याचे त्याच्या नावे. जिंकता येणार नाही हे कळल्यावरही खेळाडूला काही तरी करण्यासारखे शिल्लक राहते. पंचवीसचे बारा करता येतात, अकराचे शून्याजवळ आणता येतात. वाईट पाने आलेल्या माणसालाही नीट हरण्याचे काम असते, आणि ते डायरीत लिहिले जाते.

मोजण्याची रीत बदलली की खेळही बदलतो. काही घरांत पानांचे गुण न धरता नुसती उरलेली पाने मोजतात. तसे केले तर एक्का आणि राजा सारखेच, कारण सत्तीपासून दोघेही सहा घरे दूर. पण गुण धरले की राजा एक्क्याच्या तेरापट जड होतो आणि प्रत्येकाचे लक्ष सत्तीच्या वरच्या बाजूकडे लागते. हाती राजा-राणी असतील तर अठ्ठी, नव्वी लवकर बाहेर काढायची. खालची पाने धरून ठेवली तरी नुकसान थोडे. म्हणजे एकाच नियमाने मांडलेल्या एकाच पानांचे, शेवटी काय मोजणार यावरून, दोन निरनिराळे खेळ होतात. गुण लिहिणे हे खेळ संपल्यावरचे काम आहे असे आपण समजतो. वस्तुतः ते पहिले पान टाकण्याच्या आधीपासून खेळाला वळण देत असते.

पण या सगळ्याला आधार आहे तो एका शब्दाचा: पास. लावण्यासारखे पान असेल तर लावलेच पाहिजे, हा नियम पाळला जातो की नाही हे डाव चालू असताना कोणालाच पाहता येत नाही. पाने ज्याची त्याच्या हातात. अमेरिकेत हाच खेळ पैशाच्या चकत्या लावून ‘फॅन टॅन’ या नावाने खेळतात, तेव्हा त्यात खोट्या पासला दंड ठेवलेला असतो. लावता येत असून पास म्हणणाऱ्याने मध्यल्या राशीत तीन चकत्या भरायच्या. आणि त्याने दडवलेले पान सत्ती असेल तर त्याखेरीज त्याच रंगाची छक्की आणि अठ्ठी ज्यांच्याकडे होती त्या दोघांना प्रत्येकी पाच चकत्या द्यायच्या. या नियमाचे शहाणपण असे की दंड केवळ राशीत जात नाही. ज्यांचे नुकसान झाले त्यांना तो मिळतो. जपानी रीत याच्या उलट. तेथे लावण्यासारखे पान असतानाही ठरावीक वेळा, बहुधा तीनदा, पास म्हणण्याची मुभा असते. माणूस अडवणार हे गृहीत धरून त्याला मर्यादा घातली आहे.

कंपनीच्या बसमधल्या चौघांनी या दोन्हींपैकी काहीच केले नाही. त्यांच्याकडे दंड नव्हता आणि मुभाही नव्हती. डाव संपला की उरलेली पाने ब्रीफकेसवर उताणी मांडायची, एवढीच रीत होती. पाने उघडी झाली की कोण केव्हा पास म्हणाला होता ते सर्वांना आठवे. एकाच बसने वर्षानुवर्षे जायचे असलेल्या माणसांना तेवढे पुरेसे होते.

या ठिकाणी पिंपरी-चिंचवडविषयी थोडे सांगणे अगत्याचे आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि साठच्या दशकात भोसरी, आकुर्डी, चिंचवड हा सारा परिसर कारखान्यांनी भरू लागला. १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. १९७८ साली पुणे–लोणावळा लोकल सुरू झाली आणि तळेगाव-कामशेतची माणसे तिने पाळीवर येऊ लागली. या वसाहतीतला फुरसतीचा वेळ गावातल्यासारखा सैल नव्हता. १९४८च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांहून अधिक काम घेऊ नये आणि मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असे ठरवून दिले होते. दीडशेहून अधिक कामगार असतील तेथे विश्रांतीची व जेवणाची खोली, अडीचशेहून अधिक असतील तेथे उपाहारगृह, हेही त्याच कायद्याने. जेवण उरकून राहिलेली पंधरा मिनिटे, बसचा पाऊण तास, लोकलमधली चार-सहा स्थानके: खेळ व्हायचा तो एवढ्यात. सारीपाट या मापात बसत नाही. बदामसातचा एक डाव सात-आठ मिनिटांत होतो, कोठेही थांबवता येतो, आणि डायरीतली बेरीज दुसऱ्या दिवशी पुढे चालू होते. गुण लिहून ठेवल्यामुळे तुकड्या-तुकड्यांत मिळणारी फुरसत सलग होते.

पैसे लावण्याचा प्रश्न नव्हताच. १८८७चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा केवळ कौशल्याच्या खेळांना वगळतो, आणि रमी हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ आहे असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली आंध्र प्रदेशातील एका खटल्यात दिला. पण त्या चौघांच्या डावाला या चर्चेचे कारण पडले नाही. महिनाअखेरीस ज्याची बेरीज सर्वांत जास्त त्याने चौघांचा चहा द्यायचा, एवढीच बोली होती. तेव्हा जो हिशेब लिहिला जात होता त्याला पैशाचे मोल नव्हते. लिहिला जात होता तो यासाठी, की कोणी कशी पाने आली असता काय केले, याची नोंद राहावी.

या शतकाच्या आरंभी अनेक कारखान्यांत स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या. चौघांपैकी एकाने ती घेतली आणि तो गावी गेला. त्यानंतरच्या डायरीत तीनच रकाने आहेत. चौघांत ५२ पाने तेरा-तेरा अशी बरोबर वाटली जातात, काहीच उरत नाही. बेहड्यांच्या भाषेत ते कृत होय. तिघांत सतरा-सतरा वाटून एक पान उरते. त्याचे काय करायचे यावर त्यांनी एक तोड काढली होती, आणि ती डायरीच्या पहिल्या पानावर वडिलांच्या अक्षरात लिहिलेली आहे. उरलेले पान पालथे ठेवायचे. ज्याच्याकडे बदाम सत्ती निघेल त्याने ते घ्यायचे, कारण त्याचे एक पान पहिल्याच खेळीत कमी होणार असते. बदाम सत्ती कोणाकडेच निघाली नाही तर उरलेले पान तीच आहे असे समजून ते उलटायचे आणि खेळ सुरू करायचा.

खेळांचा इतिहास लिहिणारे राजांचे गंजिफे आणि ग्रंथांतले बुद्धिबळ पाहतात, ते योग्यच आहे. पण एकपर अक्षाने बुडालेल्या वैदिक जुगाऱ्यापासून हांगचौच्या फेरीवाल्यांपर्यंत आणि तेथून आकुर्डीच्या बसपर्यंत जी गोष्ट टिकून राहिली ती म्हणजे शेवटी काय उरले ते प्रामाणिकपणे मोजण्याची सवय. तिची साधने अशा खिशातल्या डायऱ्यांत आहेत, आणि डायऱ्या बहुधा रद्दीत जातात. आमच्या घरातील तीन डायऱ्या शिल्लक आहेत. त्यांतल्या शेवटच्या पानावर तिघांच्या बेरजा आहेत, ८४, ६१ आणि ९७. शंभराला कोणी पोहोचले नव्हते. सामना अपुरा राहिला आहे. असो.